भिंतीनं प्यालेला रंग

आमच्या गावातल्या शाळेच्या कुंपणभिंतीवर दोन वर्षांपूर्वी मुलांनी चित्रं काढली. समई डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या बायका, होडी, माड आणि कोपऱ्यात एक गवा. पहिला पाऊस चित्रांनी कसाबसा झेलला. दुसऱ्या पावसात माडांच्या बुंध्यांवर फुगे आले, मग पोपडे सुटायला लागले. यंदा श्रावणात मी तिथून गेले तेव्हा गव्याची फक्त शिंगं उरली होती. भिंतीच्या पायथ्याशी शेवाळ, माथ्यावर काळी बुरशी.

त्याच रस्त्यावर पुढच्या वळणाला एक जुनं घर आहे. निम्मं बंद, निम्म्यात ऐंशीच्या घरातल्या एक मावशी राहतात. ओसरीवरची कौलं दोन ठिकाणी फुटली आहेत आणि पावसाची झड थेट भिंतीवर येते. त्या भिंतीवर लाल-पांढरी वेलबुट्टी आहे, मध्ये समोरासमोर तोंड केलेले दोन हत्ती. मी लग्न होऊन आले तेव्हाही हे असंच होतं, असं मावशी म्हणतात. त्या आधी किती वर्षं होतं, ते सांगणारं आता घरात कुणी नाही.

एकच गाव, एकच पाऊस. मग एक चित्र दोन वर्षांत जातं आणि दुसरं पिढ्यान्‌पिढ्या राहतं, हे कसं? या प्रश्नाच्या मागे लागले आणि गोव्यातल्या उघड्यावरच्या कलेकडे बघायची माझी नजरच बदलली.

कला म्हटलं की आपण पणजीकडे बघतो. 2016 पासून डिसेंबरात तिथे सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इमारतीत आणि इतर सार्वजनिक जागांत प्रदर्शनं लागतात. ती बघावीत, मीही जाते. पण गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. अशा ठिकाणी देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर, ओसरीवर, खिडकीत किंवा नदीकाठच्या उघड्या कातळावर ज्यांनी कलाकुसर केली, त्यांना आधी पावसाचं काहीतरी करावं लागलं. ते त्यांनी काय केलं, ते एकदा कळलं की ही चित्रं नुसती सुंदर दिसत नाहीत, ती शहाणी वाटायला लागतात.

मावशींच्या भिंतीवर आहे ती कावी. कोकण, गोवा आणि कारवार-होन्नावरपर्यंतच्या किनाऱ्यावर ही कला सापडते. काव म्हणजे लाल माती. लाल आणि पांढरा, एवढे दोनच रंग. लांबून बघितलं तर वाटतं, पांढऱ्या भिंतीवर लाल रंगानं काढलंय. जवळ जाऊन बोट फिरवलं की उलगडा होतो: पांढऱ्या रेषा किंचित खोल आहेत. इथं ब्रशनं काही काढलेलंच नाही, जे आहे ते खरवडलेलं आहे.

पद्धत अशी. समुद्राचे किंवा खाडीचे शिंपले गोळा करून भट्टीत भाजायचे. भाजले की त्यांची चुनकळी होते. तिच्यावर पाणी घातलं की ती फसफसते, वाफा सोडते आणि विरते. या चुन्यात धुतलेली वाळू आणि गूळ घालून मिश्रण पंधरा-पंधरा दिवस मुरत ठेवायचं, मग कुटून एकजीव करायचं. गूळ कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. पण गोडव्यामुळे पाण्यात चुना जास्त विरघळतो, गिलावा हाताखाली मऊ राहतो आणि कारागिराला वेळ मिळतो. हा पांढरा गिलावा भिंतीवर चढवायचा. त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा लाल थर द्यायचा आणि गुळगुळीत गोट्यानं घोटायचा. मग ओल आहे तोवर टोकदार लोखंडी हत्यारानं लाल थर रेषेरेषेनं खरवडायचा. खालचा पांढरा उघडा पडतो, तेच चित्र. चूक खपत नाही, कारण खरवडलेलं परत भरता येत नाही. उशीरही चालत नाही, कारण थर घट्ट झाला की त्याचे कडेनं तुकडे उडतात.

आता खरी गंमत सुरू होते ती इथून पुढे. चुन्याचा गिलावा नुसता वाळून कडक होत नाही. ओल्या चुन्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो, तो शोषून चुना पुन्हा दगड बनतो. पुन्हा म्हणायचं कारण, शिंपला मुळात त्याच द्रव्याचा असतो, कॅल्शियम कार्बोनेटचा. भट्टीत त्यातला वायू बाहेर काढला, पाण्यानं मऊ केला, भिंतीवर पसरला, आणि भिंतीवर बसून त्यानं तोच वायू हवेतून परत घेतला. म्हणजे मावशींच्या ओसरीवर आहे तो एक सपाट पसरलेला शिंपलाच आहे, वीतभर नाही तर अख्ख्या भिंतीएवढा. आणि हे होताना लाल मातीचे कण त्या दगडाच्या आत अडकले. रंग भिंतीवर बसलेला नाही, भिंतीनं तो पिऊन टाकलाय. पाऊस धुऊन धुऊन काय धुणार?

मग लालच का? हिरवा, जांभळा, पिवळा का नाही? याचं उत्तर प्रत्येक मराठी घराच्या देव्हाऱ्यात आहे. हळदीत चुना मिसळला की ती लालभडक होते, कुंकू असंच करतात. चुना जहाल असतो. पानाफुलांचे, मुळांचे रंग त्याच्यापुढे टिकत नाहीत, एक तर बदलतात नाही तर मरतात. कावेचा लाल रंग मात्र लोखंडाच्या गंजाचा. त्याला चुना काही करू शकत नाही, ऊनही काही करू शकत नाही. आणि हे लोखंड गोव्यात आणायला कुठे जायला नको, आपण ज्या जांभ्या चिऱ्यांची घरं बांधतो तो चिरा त्याच्यामुळेच लाल आहे. चिरा डोंगरातला, काव त्याच डोंगराची, चुना खाडीचा. मावशींच्या भिंतीत चार-पाच कोसांच्या बाहेरचं बहुधा काहीच नसेल.

युरोपात याच खरवडण्याच्या पद्धतीला स्ग्राफितो म्हणतात. इटालियन शब्द आहे, अर्थ ओरखडणं. शहरातल्या भिंतींवर पोरं रात्री जे रंगवतात त्याला आपण ग्राफिटी म्हणतो, तो शब्दही त्याच घराण्यातला. मला हे नातं फार आवडतं.

कावी बघायची असेल तर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण या भागांतली जुनी देवळं आणि घरं धुंडाळावी लागतात. याला इतिहासाचं कारण आहे. तिसवाडी, बार्देस आणि साष्टी इथली देवळं पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडली, लोकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे हे महाल त्यांच्या हातात गेले ते अठराव्या शतकात, आणि तोवर देवळं पाडायचा तो काळ सरला होता. म्हणून तिथल्या भिंती राहिल्या. होन्नावरचे शास्त्रज्ञ, लेखक आणि छायाचित्रकार डॉ. कृष्णानंद कामत यांनी गावोगाव हिंडून या भिंतींच्या नोंदी केल्या, नाही तर आज नुसती हळहळ उरली असती. सध्या फोंडा तालुक्यातले चित्रकार सागर नाईक मुळे ही कला नव्यानं लोकांपुढे आणताहेत, पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्येही त्यांचं नाव आलं होतं.

पोर्तुगिजांपासून वाचलेल्या भिंती आपल्या हातून का जाताहेत, हे आता सांगायला हवं. मला ते फार लागतं, म्हणून जरा सविस्तर.

जांभा चिरा भोकाभोकांचा असतो. तो पावसात पाणी पितो, जमिनीतूनही ओल वर ओढतो. ही ओल उन्हाळ्यात बाहेर पडावी लागते. चुन्याच्या गिलाव्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, ओल वाफ होऊन त्यांतून निघून जाते. जुने गवंडी याला भिंतीचा श्वास म्हणतात आणि ते अगदी खरं आहे. प्लॅस्टिक रंग म्हणजे त्या नाकावर दाबलेला कागद. ओल आत कोंडते, रंगाला मागून ढकलते, आधी फुगा येतो मग पोपडा सुटतो. ओलीबरोबर चिऱ्यातले क्षार पुढे येतात, पृष्ठभागाखाली त्यांचे खडे बनतात आणि ते गिलावा पोखरतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. शाळेच्या भिंतीवरच्या गव्याचं हेच झालं. मुलांची चित्रकला मुळीच वाईट नव्हती, फक्त त्यांचा रंग भिंतीच्या वर बसला होता.

त्या गव्याचं फार वाटून घ्यायचं कारण नाही, मुलं परत काढतील. पण एका देवळात, नाव घेत नाही, सभामंडपाच्या तिन्ही भिंतींवर कावी होती. लहानपणी जत्रेला कंटाळा आला की मी तिथले मोर मोजायची. जीर्णोद्धार निघाला. भिंतींचं काय करायचं याची चर्चा झालीच नाही, कारण त्या कुणाला जुनाट आणि मळक्या वाटत होत्या. खाली सिमेंट, त्यावर चकचकीत फिका गुलाबी रंग. सगळं श्रद्धेनं आणि वर्गणी काढून केलं गेलं, म्हणून कुणावर रागावताही येत नाही. तिसऱ्या पावसात त्या गुलाबी रंगाला फुगे आले. सिमेंट काढायला घेतलं तर चुना त्याच्याबरोबर निघून येतो, तेव्हा ते मोर आता कायमचे गेले.

खरवडून केलेलं टिकतं, हे गोव्यात आणखी एका ठिकाणी दिसतं, आणि ते ठिकाण कल्पनेतही येणार नाही असं आहे. दक्षिण गोव्यात रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्याचा एक सपाट सडा, म्हणजे उघडा कातळ आहे. लोक त्याला पणसायमळही म्हणतात. 1993 मध्ये गावकऱ्यांनी पुरातत्त्वाच्या माणसांना तिथं नेलं आणि तिथल्या शंभराहून अधिक आकृत्यांची जगाला ओळख झाली. बैल, हरणं, मोर, नाचणारी बाई, आणि एकात एक वळत जाणारा एक चक्रव्यूह. किती जुन्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काही जण फार मागे अश्मयुगात नेतात तर काही पुष्कळ अलीकडे आणतात. पण कुशावतीच्या काठावर इतके पावसाळे काढून त्या रेषा आजही बोटाला लागतात. इथे रंग नाहीच. जांभा उघड्यावर पडला की त्यातलं लोखंड घट्ट होतं आणि वर कठीण कवच धरतं. त्या कवचात खोदलेल्या रेषेला पाऊस सावकाश झिजवतो, पुसू शकत नाही. आपले पाय तिला जास्त झिजवतात. तिथे गेलात तर चपला काढा आणि सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. भर दुपारी ऊन डोक्यावर असताना सडा नुसता काळपट खडबडीत दिसतो, लोक "इथं काय आहे?" म्हणून परत फिरतात. तिरपं ऊन आलं की प्रत्येक रेषेत सावली भरते आणि बैल पायाखालून उठून उभे राहतात.

पणजीत हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवलेला आहे. आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या दारातून आत शिरलं की भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशा दिसतात. वास्को द गामाच्या सफरीवर रचलेल्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग पोर्तुगालचे चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी 1935 मध्ये त्यांवर रंगवले. या फरशांना अझुलेजो म्हणतात, शब्द मूळचा अरबी, घोटलेला गुळगुळीत दगड असा त्याचा अर्थ. मातीची फरशी भाजायची, तिला पांढऱ्या काचेसारख्या लेपात बुडवायची, त्यावर कोबाल्टनं चित्र काढायचं आणि पुन्हा भट्टीत घालायची. लेप वितळतो, रंग त्यात मुरतो, थंड झाल्यावर सगळी काच होते. कावीत चुन्यापुढे टिकेल तोच रंग चालतो, इथे आगीपुढे टिकेल तोच. कोबाल्टचा निळा त्या आगीत टिकतो, म्हणून एवढं निळं. पणजीतल्या फोंताइन्यस या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत घरांच्या नावांच्या आणि क्रमांकांच्या पाट्या अशाच फरशांच्या आहेत. लोक तिथे दारांसमोर उभं राहून फोटो काढतात. पाटीवर पाण्याचा थेंब कसा घसरतो ते कधी पावसात उभं राहून बघावं.

खिडक्यांच्या शिंपांबद्दल थोडक्यात. जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी चौकोनी कापलेले पातळ शिंप लाकडी पट्ट्यांत बसवलेले दिसतात. काच महाग होती, शिंप खाडीत होते. त्यातून ऊन गाळून दुधासारखं आत येतं. झुवारी नदीत चिखलीच्या खाडीत हा शिंप आजही आहे.

इथवर सगळी टिकाऊ कला झाली. पण पावसाला दिलेलं माझं सगळ्यात आवडतं उत्तर बरोबर उलटं आहे.

चवथीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत फोंडा, बाणस्तारी किंवा म्हापशाच्या बाजारात जा. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर जंगल मांडलेलं असतं. कांगल्यांच्या पिवळ्या मण्यांचे घोस, शेंदरी कवंडळं, हलवलं की खुळखुळणाऱ्या घागऱ्यांच्या शेंगा, शेरवडाची पांढरी पानं, कळलावीची ज्वाळेसारखी फुलं, आंबाडे, तोरिंजनं, सुपारीचे अख्खे घोस. हे सगळं माटोळीसाठी. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला ही रानसंपत्ती बांधतात. बांधायला सुतळी नव्हे तर केवणीच्या सालीचे दोर.

माटोळी बांधणं ही रचना आहे, आणि सोपी तर मुळीच नाही. वजनदार वस्तू, नारळ, तोरिंजन, सुपारी, चौकटीच्या कडेला आणि सांध्यांखाली येतात, नाही तर मधली पट्टी वाकते. हलक्या वस्तू मध्ये. एका बाजूला शेंदरी लावलं की दुसऱ्या बाजूला त्याचा जोड हवा. पानं पहिल्या दिवशी सुकतात, म्हणून ती शेवटी बांधायची. माझे सासरे हातात कवंडळ घेऊन खाली उभे राहायचे आणि डोळे बारीक करून वर बघत राहायचे, आम्ही स्टुलावर हात वर करून थांबलेलो असायचो. "डावीकडे. अजून थोडं. हां, आता सोड." एखादा चित्रकार कॅनव्हासपासून दोन पावलं मागे सरतो ना, अगदी तसंच. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं आणि काही घरांत शेकडो जिनसांतून अख्खे देखावे उभे राहतात, बिया आणि शेंगांनी घडवलेल्या देवांच्या मूर्ती असतात. पण मला साधी घरगुती माटोळीच जवळची वाटते.

ती टिकवायचा कुणी प्रयत्नच करत नाही. दीड दिवसानं, पाच दिवसांनी गणपती जातो, माटोळी उतरते, फळं शेजारी वाटली जातात. चौकट माळ्यावर. पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. म्हणजे दरवर्षी घरातल्या कुणाला तरी कांगली कुठली नि कवंडळ कुठलं हे ओळखावं लागतं, केवणीची साल काढता यावी लागते, तोल कळावा लागतो. कावी चुन्यात टिकते, माटोळी हातांत. आणि हात थांबले तर पाऊस न पडताही ती जाईल. गेल्या वर्षी बाजारात एका मावशींकडून कांगली घेतली, त्या म्हणाल्या, "बाय, आधी घरामागच्या डोंगरावर मिळायचं. आता डोंगरच नाही, दोन बस बदलून आणायला जाते." घोस मात्र त्यांनी असा निवडून दिला, की एकही मणी फुटलेला नव्हता.

परत कावीच्या ओसरीवाल्या मावशींच्या घराकडे येते. आतल्या खोलीत त्यांच्या मुलानं कधीतरी भिंतीला क्रीम रंग दिलेला आहे. मी एका गवंडी काकांना सोबत घेऊन गेले, चुन्याचं काम केलेले आमच्या भागात आता ते एकटेच. त्यांनी आधी ओसरीच्या कावीजवळच्या कोऱ्या भिंतीवर बोटानं थोडं पाणी लावलं, पाणी बघता बघता आत गेलं. मग आतल्या क्रीम भिंतीवर लावलं, थेंब ओघळून खाली आला. "पळय," म्हणजे बघ, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी खिडकी लावून घेतली आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरला, प्रकाश भिंतीवरून सरपटत गेला पाहिजे असा. उसगाळीमळच्या संध्याकाळच्या उन्हासारखा. आधी रोलरच्या रेघा दिसल्या. मग त्यांच्याखालून एक वळण, त्याच्या शेजारी दुसरं, पाकळ्यांची एक रांग. इथे सिमेंट नव्हतं, चुन्यावर थेट रंग होता.

मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे, इथं तर कमळं होती. मी विसरूनच गेले होते."

काकांनी नखानं एका कोपऱ्यातला सुटलेला पोपडा हलकेच उचलला. खाली बोटभर लाल दिसलं. बाकीचं दिवाळीनंतर, भिंत पुरती सुकल्यावर, असं ठरलं आहे.